औषधक्रियाशास्त्रातील संशोधकांची जडणघडण : दिल्ली, कलकत्ता, लखनौ

औषध तयार करणे ही एक विद्या आणि ते शरीरात गेल्यावर काय करते हे शोधणे ही दुसरी. पहिलीला औषधनिर्माणशास्त्र म्हणतात. दुसरी बहुतेकांना फार्माकॉलॉजी या नावानेच माहीत आहे. मराठीत तिला औषधक्रियाशास्त्र म्हणणे सोयीचे. महाविद्यालयांतून या दोहोंची सर्रास गल्लत होते. औषधांवर संशोधन करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती बी. फार्म.चा अर्ज दिला की मार्गदर्शन संपले असे मानले जाते. तो रस्ता चुकीचा नाही. पण त्याला पुढे फाटे कोठे फुटतात आणि पीएच. डी. झालेला संशोधक घडतो कसा, हे विद्यार्थ्याला क्वचितच सांगितले जाते. भारतात ही जडणघडण विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात सुरू झाली. तिच्या प्रारंभी दोन संस्था ठळकपणे दिसतात : दिल्लीचे तिब्बिया कॉलेज आणि कलकत्त्याचे स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिन. दोन्हींचा संबंध सर्पगंधा या एकाच झुडपाशी आला. एका ठिकाणी त्यातून उत्कृष्ट रसायनशास्त्र निपजले, दुसऱ्या ठिकाणी संशोधकांची परंपरा. हा फरक का पडला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विद्येचा उगम

औषधक्रियाशास्त्र वैद्यकापासून वेगळे झाले ते जर्मन भाषक विद्यापीठांत. रुडॉल्फ बुखहाइम यांनी 1847 च्या सुमारास डॉर्पाट येथे, म्हणजे आजच्या एस्तोनियातील तार्तू शहरी, स्वतःच्या घराच्या तळघरात स्वखर्चाने प्रयोगशाळा मांडली. तेथे तयार झालेले ओस्वाल्ड श्मीडेबर्ग 1872 मध्ये स्ट्रासबुर्गला प्राध्यापक झाले व 1918 पर्यंत तेथेच राहिले. त्यांच्या हाताखालून देशोदेशीचे सुमारे दीडशे संशोधक बाहेर पडले. त्यांतील जॉन जेकब एबल यांनी अमेरिकेत प्रथम मिशिगन येथे 1891 मध्ये आणि दोन वर्षांनी जॉन्स हॉपकिन्स येथे या विषयाचे अध्यासन सांभाळले. हदीसशास्त्रात सनद जशी एका रावीकडून दुसऱ्याकडे जाते, तशी या विद्येची सनद प्रयोगशाळेतून प्रयोगशाळेत गेली. ग्रंथ वाचून ती कोणाला मिळाली नाही.

याचे कारण या विद्येच्या हत्यारांत आहे. विद्यार्थ्याला प्रथम शिकावे लागे ते ससा किंवा गिनीपिग यांच्या आतड्याचा छोटा तुकडा कोमट क्षारद्रावात जिवंत ठेवणे. त्या तुकड्याला दोऱ्याने एक हलकी तरफ जोडलेली असे. धुरावर काळा केलेला कागद नळकांड्यावर गुंडाळून ते सावकाश फिरवायचे. आतडे आकसले की तरफेचे टोक कागदावर पांढरी रेघ ओढी. या उपकरणाला कायमोग्राफ म्हणत. मग द्रावात औषधाचा एक थेंब, नंतर दुप्पट, नंतर चौपट. मात्रा आणि परिणाम यांचे नाते डोळ्यांसमोर उमटे. पुढची पायरी गुंगी दिलेल्या मांजराचा किंवा कुत्र्याचा रक्तदाब मोजण्याची. कागद किती काळा करावा, तरफ किती हलकी असावी, आतडे ‘थकले’ हे कसे ओळखावे, या गोष्टी शेजारी उभा असलेला माणूसच शिकवू शकतो. आज हे काम संगणकाला जोडलेले संवेदक करतात आणि पदवीच्या वर्गात पुष्कळदा पडद्यावरील आभासी आतड्यावरच भागवले जाते. संशोधकाला मात्र खऱ्या उतीला हात लावल्याशिवाय गत्यंतर नाही.

कलकत्ता : एका छताखाली तीन खोल्या

रामनाथ चोप्रा यांचा जन्म 1882 चा, गुजरांवाला येथील. लाहोरनंतर ते केंब्रिजला गेले. तेथे वॉल्टर डिक्सन यांच्याकडे त्यांना औषधक्रियाशास्त्राची गोडी लागली. 1908 मध्ये ते इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये दाखल झाले. पहिल्या महायुद्धात त्यांनी पूर्व आफ्रिकेत काम केले आणि 1921 मध्ये कलकत्त्याच्या नव्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये औषधक्रियाशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. लष्करी वैद्यकीय सेवेतला हा अधिकारी पुढची वीस वर्षे वनौषधींत रमला, हे त्या काळच्या मानाने नवलाचे म्हटले पाहिजे.

या संस्थेची रचना पाहण्यासारखी आहे. एकाच आवारात औषधक्रियाशास्त्राचा विभाग होता, सुधामय घोष यांचा रसायन विभाग होता, आणि संस्थेला जोडलेले कारमायकेल हॉस्पिटल होते. मुळी आली की रसायन विभाग तिचा अर्क काढी, शेजारच्या खोलीत त्या अर्काची प्राण्यांवर परीक्षा होई आणि टिकलेले औषध रुग्णाच्या खाटेपर्यंत जाई. चोप्रांनी आपल्या कामाचे तीन हेतू सांगितले होते : मान्य औषधांच्या बाबतीत देश स्वावलंबी करणे, आयुर्वेद आणि तिब्ब यांतील औषधांतून पाश्चात्त्य पद्धतीच्या डॉक्टरलाही वापरता येतील अशी निवडणे, आणि गरिबाला परवडेल असा उपाय शोधणे. एफेड्रा, कुडा, कोष्ठ, इसबगोल, पुनर्नवा अशा कितीतरी वनस्पती या तिन्ही खोल्यांतून गेल्या. 1933 मध्ये त्यांचा ‘इंडिजिनस ड्रग्ज ऑफ इंडिया’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

तेथे काम करणाऱ्या तरुणाला तिन्ही खोल्यांत वावरावे लागे. शिवाय चोप्रांनी आपल्या माणसांसाठी आणखी एक गोष्ट केली, जी पुष्कळ मार्गदर्शकांना सुचत नाही : शिकून तयार झालेल्याला बसायला जागा असावी, याची तजवीज. 1930-31 मध्ये सरकारने त्यांच्या अध्यक्षतेखाली औषध चौकशी समिती नेमली. बाजारातील भेसळ आणि कमअस्सल औषधे यांवर या समितीने बोट ठेवले आणि कायदा व सरकारी परीक्षण प्रयोगशाळा यांची शिफारस केली. त्यातून 1937 मध्ये कलकत्त्यात बायोकेमिकल स्टँडर्डायझेशन लॅबोरेटरी सुरू झाली, 1940 मध्ये औषध कायदा आला. म्हणजे औषधाचे परीक्षण करणाऱ्या माणसाला प्रथमच पगारी पद मिळाले. चोप्रांचे सहकारी विष्णुपद मुखर्जी यांनी रॉकफेलर फाउंडेशनच्या शिष्यवृत्तीवर परदेशी प्रशिक्षण घेतले होते. ते परतले तेव्हा त्यांच्यासाठी काम तयार होते. त्या प्रयोगशाळेचे पुढे सेंट्रल ड्रग्ज लॅबोरेटरीत रूपांतर झाले आणि मुखर्जी तिचे प्रमुख झाले.

दिल्ली : हकीमसाहेब आणि त्यांचे रसायनज्ञ

त्याच 1921 साली, 13 फेब्रुवारीला, दिल्लीच्या करोलबागेत तिब्बिया कॉलेजचे उद्घाटन महात्मा गांधींच्या हस्ते झाले. त्यामागे हकीम अजमल खान यांची अनेक वर्षांची खटपट होती. हिंदुस्तानी दवाखाना या औषधालयाचे उत्पन्न त्यांनी संस्थेकडे वळवले होते. तिब्बची विद्या जपायची तर तिची प्रयोगशाळेत परीक्षा व्हायला हवी, हा त्यांचा आग्रह होता. परंपरेतील किती जाणत्यांनी त्या काळी स्वतःच्या औषधांना असे कसोटीवर लावण्याची तयारी दाखवली असती, याचा विचार केला म्हणजे हकीमसाहेबांच्या धैर्याची कल्पना येते.

या कामासाठी त्यांना सलीमुज्जमान सिद्दीकी मिळाले. 1897 मध्ये बाराबंकी जिल्ह्यात जन्मलेले सिद्दीकी अलीगढचे, विषय तत्त्वज्ञान. 1920 मध्ये ते वैद्यक शिकायला लंडनला गेले. वर्षभरात वैद्यक सोडून फ्रँकफुर्टला रसायनशास्त्राकडे वळले. तेथे युलिउस फोन ब्राउन यांच्या मार्गदर्शनाखाली 1927 मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. मधल्या काळात याच शहरात त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले, उर्दू कवितेचा नादही चालू होता. वैद्यक अर्धवट सोडण्याचा हा प्रसंग चरित्रकार सहसा ओझरता उल्लेखून पुढे जातात. परंतु पुढील घटनांच्या दृष्टीने तो महत्त्वाचा आहे. सिद्दीकी परतले ते सेंद्रिय रसायनाचे तरबेज जाणकार म्हणून. प्राण्याच्या देहावर औषध पारखण्याचे शिक्षण त्यांच्या वाट्याला आले नव्हते.

ते परतले आणि 1927 च्या डिसेंबरमध्ये हकीमसाहेबांचे निधन झाले. आश्रयदाता गेला तरी काम चालू राहिले. सिद्दीकींनी हाती घेतली ती सर्पगंधा. उर्दूत असरौल, बिहारकडच्या बोलीत ‘पागल की दवा’. रफत हुसेन सिद्दीकी यांच्यासह त्यांनी 1931 मध्ये तिच्या मुळांतून पाच अल्कलॉइडे शुद्ध स्वरूपात वेगळी केल्याचे जाहीर केले. तीन पांढरी आणि दोन पिवळी. पांढऱ्यांना त्यांनी आपल्या आश्रयदात्याचे नाव दिले : अजमलीन, अजमलिनीन, अजमलिसीन. पिवळ्यांची नावे सर्पेंटीन आणि सर्पेंटिनीन. हृदयाच्या विद्युत्-लयीतील ब्रुगाडा नावाचा छुपा दोष उघड करण्यासाठी युरोपातील रुग्णालयांत आजही अजमलीनची चाचणी घेतात. दिल्लीच्या हकिमाचे नाव परदेशी हृदयरोगतज्ज्ञांच्या तोंडी असे रोज येते, बहुधा त्यांना ते माहीत नसताना.

बेडकांवर काही प्राथमिक परीक्षा झाल्या. पण पद्धतशीर औषधक्रियाशास्त्रीय विभाग तिब्बियात नव्हता. 1940 मध्ये सिद्दीकी वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या कामात गेले. 1942 मध्ये त्यांनी कडुनिंबाच्या तेलातून निंबिन व इतर घटक वेगळे केले. 1951 मध्ये ते पाकिस्तानात गेले, 1961 मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. कराची विद्यापीठात 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी उभ्या केलेल्या रसायन संस्थेतून पीएच. डी. विद्यार्थ्यांची मोठी परंपरा सुरू झाली. त्या संस्थेच्या आवारात औषध संशोधनाचे वेगळे केंद्र पुढे निघाले, पण ते सिद्दीकींच्या निधनानंतर. 1994 मध्ये ते गेले.

राळेत राहिलेले औषध

1931 मध्येच कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी सर्पगंधेच्या मुळ्यांचे चूर्ण उन्मादात आणि वाढलेल्या रक्तदाबात उपयोगी पडते, असे रुग्णांच्या अनुभवावरून लिहिले. 1933 मध्ये चोप्रा, जे. सी. गुप्ता आणि बी. मुखर्जी यांनी तिच्यातील एका अल्कलॉइडाची क्रिया तपासून प्रसिद्ध केली. तरीही एक कोडे सुटत नव्हते. मुळीचे चूर्ण रुग्णाला शांत झोप आणत होते. शुद्ध स्फटिक मात्र तेवढे काही करत नव्हते.

रसायनज्ञाला स्फटिक प्रिय असतो. स्फटिक म्हणजे शुद्धता, ठरलेला वितळबिंदू, लिहून ठेवता येईल असे सूत्र. स्फटिक काढून घेतल्यावर भांड्याच्या तळाशी जो तपकिरी, चिकट, राळेसारखा गाळ उरतो, तो त्याच्या दृष्टीने चोथा. औषधक्रियाशास्त्रज्ञाची दृष्टी वेगळी. तो विचारतो की मुळीतले झोपेचे सामर्थ्य स्फटिकात नसेल तर गेले कोठे? 1944 मध्ये गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच राळेचा भाग तपासून त्यात निद्राकारक गुण असल्याचे दाखवले. चोप्रांच्या तालमीत तयार झालेल्या माणसाने हा प्रश्न विचारावा, यात योगायोगाचा भाग फार थोडा आहे.

पण राळेतून शुद्ध द्रव्य तेथे निघाले नाही. चोप्रा 1941 मध्ये निवृत्त होऊन जम्मू-काश्मीरच्या औषध संशोधनाकडे गेले होते. जगात महायुद्ध चालू होते. दिल्लीतील निष्णात रसायनज्ञ आणि कलकत्त्यातील निष्णात परीक्षक एका टेबलाशी कधी बसले नाहीत. 1949 मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी पन्नास रुग्णांवरील सर्पगंधेचा अनुभव ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडला आणि जगाचे लक्ष या मुळीकडे गेले. बॉस्टनमधील रॉबर्ट विल्किन्स यांनी तिचा वापर सुरू केला. शेवटी 1952 मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझल येथे सिबा कंपनीच्या म्युलर, श्लिट्लर आणि बाइन या तिघांनी राळेच्या भागातूनच रेसर्पिन वेगळे केले. त्यांतील श्लिट्लर रसायनज्ञ आणि बाइन औषधक्रियाशास्त्रज्ञ. दोघे एकाच कंपनीत होते. प्रत्येक अंश वेगळा झाला की बाइन तो प्राण्यावर पारखत आणि पुढे कोणता अंश घ्यायचा ते ठरे. रेसर्पिनची मात्रा मिलिग्रॅमच्या अंशात मोजावी लागते. इतके थोडे द्रव्य प्राण्याच्या साक्षीखेरीज सापडलेच नसते.

औषध परदेशात सापडले याचे दुःख आपल्याकडे पुष्कळदा व्यक्त होते. त्याहून मोठी हानी दुसरीच आहे. रेसर्पिनवर तेथे संशोधकांची एक पिढी शिकली. अमेरिकेत बेथेस्डा येथील बर्नार्ड ब्रॉडी यांच्या प्रयोगशाळेत 1955 मध्ये दिसून आले की रेसर्पिन शरीरातील सेरोटोनिनचा साठा रिकामा करते. त्याच वर्षी स्वीडनचे आर्विड कार्लसन काही महिने ब्रॉडींकडे शिकायला आले. परतल्यावर 1957 मध्ये त्यांनी रेसर्पिनमुळे निश्चल पडलेल्या सशांना एल-डोपा देऊन पुन्हा हालते केले. त्यातून मेंदूतील डोपामिनचे महत्त्व आणि कंपवाताच्या उपचाराची दिशा कळली. 2000 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ब्रॉडींच्याच हाताखाली ज्युलियस अॅक्सेलरॉड अनेक वर्षे साधे तंत्रज्ञ म्हणून राबले. पीएच. डी. त्यांना मिळाली 1955 मध्ये, चाळिशी उलटल्यावर. नोबेल मिळाले 1970 मध्ये. वय उलटून गेले म्हणून संशोधनाचा नाद सोडणाऱ्या अधिव्याख्यात्यांनी अॅक्सेलरॉड यांचे चरित्र अवश्य पाहावे. भारतातील एका झुडपाने तिकडे प्रश्न पुरवले, आणि प्रश्नाभोवतीच विद्यार्थी घडतात.

लखनौ आणि मुंबई

स्वातंत्र्यानंतर हे तुटलेपण ओळखले गेले असावे, असे लखनौच्या सेंट्रल ड्रग रिसर्च इन्स्टिट्यूटच्या रचनेवरून वाटते. 17 फेब्रुवारी 1951 रोजी पंडित नेहरूंनी तिचे उद्घाटन केले. जागा होती गोमतीकाठचा छत्तर मंझिल, अवधच्या नवाबांचा महाल. पहिले संचालक सर एडवर्ड मेलनबी. त्यांच्यानंतर आले कलकत्त्याचे विष्णुपद मुखर्जी. चोप्रांच्या तीन खोल्या येथे मोठ्या प्रमाणावर पुन्हा मांडल्या गेल्या : रसायन, औषधक्रिया, जीवरसायन, सूक्ष्मजीव, वनस्पती. साठ वर्षांहून अधिक काळ संस्था त्या महालात राहिली आणि मग शहराबाहेरच्या नव्या आवारात गेली.

लखनौच्या या संस्थेशी मुंबईचाही संबंध आहे. नित्यानंद हे तरुण रसायनज्ञ संस्थेच्या आरंभीच तेथे रुजू झाले. त्यांची पहिली पीएच. डी. मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागातील, मार्गदर्शक के. वेंकटरामन. दुसरी केंब्रिजची, अलेक्झांडर टॉड यांच्याकडची. पुढे 1974 ते 1984 या काळात ते संचालक होते. त्यांच्या कारकिर्दीशी जोडले गेलेले सेंटक्रोमन हे आठवड्यातून एकदा घ्यायचे गर्भनिरोधक 1991 मध्ये ‘सहेली’ नावाने बाजारात आले. त्यामागे रसायनज्ञ आणि अंतःस्रावी ग्रंथींचे अभ्यासक यांची कित्येक वर्षांची जोडी होती. 2024 मध्ये निधन पावलेल्या नित्यानंदांना रेणूची रचना करता येत होती आणि प्राण्याचा प्रतिसाद वाचता येत होता. सिद्दीकींना जी सोबत मिळाली नाही ती त्यांना पहिल्या दिवसापासून मिळाली.

मुंबईत अशी सोबत रुग्णालयात सापडली. के. ई. एम. रुग्णालयाशी जोडलेल्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. शरदिनी डहाणूकर औषधक्रियाशास्त्राच्या प्रमुख होत्या. मराठी वाचक त्यांना लेखिका म्हणून अधिक ओळखतात. त्यांच्या विभागाने शल्यचिकित्सा विभागाबरोबर गुळवेलीचा अभ्यास केला. कावीळ झालेल्या ज्या रुग्णांची पित्तनलिका अडली होती, त्यांना शस्त्रक्रियेपूर्वी गुळवेल देऊन पाहिली. हे निष्कर्ष 1993 मध्ये प्रसिद्ध झाले. प्रश्न शल्यचिकित्सकाचा, वनस्पती वैद्याची आणि मोजमाप औषधक्रियाशास्त्रज्ञाचे, असे ते काम होते. 2002 मध्ये डॉ. डहाणूकर गेल्या.

गुग्गुळ : एका प्रबंधाचा प्रवास

विद्यार्थ्याच्या प्रबंधातून काय उभे राहू शकते, याचे भारतातील बहुधा सर्वांत बोलके उदाहरण बनारसचे आहे. जी. व्ही. सत्यवती यांनी 1966 मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात गुग्गुळावर प्रबंध सादर केला. हेच द्रव्य तिब्बमध्ये मुक़्ल म्हणून चालते, आणि वनस्पतीच्या जुन्या शास्त्रीय नावातील ‘मुकुल’मध्ये तो शब्द ऐकू येतो. सुश्रुतसंहितेत मेदोरोगाचे वर्णन आहे आणि त्यावर गुग्गुळ सांगितला आहे. सत्यवतींनी प्रश्न विचारला : मेदोरोगाचे हे वर्णन आजच्या भाषेत रक्तातील चरबी आणि धमनीकाठिण्य यांच्याशी जुळते का, आणि जुळत असेल तर सशावर ते दाखवता येईल का? सशांत वाढवलेले कोलेस्टेरॉल गुग्गुळाने उतरल्याचे त्यांनी दाखवले. मार्गदर्शक सी. द्वारकानाथ यांच्यासारखा आयुर्वेदाचा जाणकार आणि हाताशी प्रयोगशाळा, असा दुर्मिळ योग त्यांना लाभला होता.

प्रबंध कपाटात पडून राहिला नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सुखदेव, पाटील व नायक यांनी 1972 मध्ये गुग्गुळातील गुग्गुलस्टेरोन या घटकांची रचना प्रसिद्ध केली. सुखदेव नंतर वडोद्याजवळच्या नंदेसरी येथील माल्टी-केम संशोधन केंद्राचे प्रमुख झाले. लखनौच्या संस्थेने प्राण्यांवरील व रुग्णांवरील परीक्षा केल्या आणि 1980 च्या दशकात गुगुलिपिड हे औषध मान्य झाले. ते बाजारात आणणाऱ्या सिप्लाची स्थापना 1935 मध्ये मुंबईत केली होती ख्वाजा अब्दुल हमीद यांनी. सिद्दीकींप्रमाणे तेही अलीगढचे आणि 1927 चेच जर्मन पीएच. डी. सत्यवती 1994 मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या महासंचालक झाल्या. त्या पदावरील त्या पहिल्या स्त्री.

ही कथा येथेच थांबवली तर ती अर्धसत्य ठरेल. 2002 मध्ये ‘सायन्स’मध्ये गुग्गुलस्टेरोन यकृतातील कोणत्या ग्राहीवर काम करते याचे एक स्पष्टीकरण आले. 2003 मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात फिलाडेल्फियातील चाचणी प्रसिद्ध झाली. 103 प्रौढांवर आठ आठवडे चाललेल्या या चाचणीत गुगुलिपिड घेणाऱ्यांचे अपायकारक कोलेस्टेरॉल उतरण्याऐवजी किंचित वाढले. काहींच्या अंगावर पुरळ उठले. आहाराचा फरक, अर्काचा फरक, लोकसमूहाचा फरक अशी कारणे दिली गेली, वाद चालू राहिला. परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्यांना हा निष्कर्ष रुचत नाही. पण सुश्रुताच्या वर्णनाला सशापुढे उभे करणाऱ्या विद्यार्थिनीने जो मार्ग धरला, त्याच मार्गावर फिलाडेल्फियाची चाचणीही येते.

पदवी, परवानगी, पद

लखनौसारख्या प्रयोगशाळांना दीर्घकाळ पदवी देण्याचा अधिकार नव्हता. विद्यार्थी प्रयोग तेथे करी आणि पीएच. डी.साठी नाव एखाद्या विद्यापीठात, विशेषतः जवाहरलाल नेहरू विद्यापीठात, नोंदवी. वैज्ञानिक व नवोन्मेषी संशोधन अकादमीचा कायदा 2011 मध्ये झाल्यावर परिषदेच्या प्रयोगशाळांतील विद्यार्थ्यांना स्वतःची पदवी मिळू लागली. प्राण्यांवरील प्रयोगांना 1998 च्या नियमांनी शिस्त लावली. प्रत्येक संस्थेत नैतिकता समिती आली, किती प्राणी, कशासाठी आणि त्यांना वेदना कमी कशी होईल हे आधी लिहून द्यावे लागते. काही मार्गदर्शक याला कटकट मानतात. वस्तुतः किती प्राण्यांत उत्तर मिळेल याचे गणित प्रयोगापूर्वी मांडायला लावणारा हा विद्यार्थ्याचा पहिला धडाच आहे.

या विषयात शिरण्याच्या वाटा आज तीन आहेत. एम. बी. बी. एस. नंतर एम. डी.; बी. फार्म. नंतर औषधक्रियाशास्त्रातील एम. फार्म. आणि पीएच. डी.; आणि वैद्यकीय महाविद्यालयातील एम. एस्सी. व त्यानंतर पीएच. डी. तिसऱ्या वाटेने जीवशास्त्राच्या सामान्य पदवीधरालाही जाता येते, पण नोकरीच्या दृष्टीने हीच वाट सर्वांत अस्थिर ठरली. पूर्वीच्या नियमांनुसार वैद्यकीय महाविद्यालयाच्या या विभागात तीस टक्क्यांपर्यंत शिक्षक बिगर-वैद्यकीय पदवीचे असू शकत. 2020 च्या निकषांत औषधक्रियाशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्र या दोन विभागांतून ही मुभा काढून घेण्यात आली. 2025 च्या शिक्षक-अर्हता विनियमांनी एम. एस्सी., पीएच. डी. झालेल्यांना या दोन्ही विभागांत पुन्हा प्रवेश दिला. मधल्या पाच वर्षांत ज्यांनी प्रबंध पुरे केले त्यांच्यापुढे औषधनिर्माण महाविद्यालये, सरकारी प्रयोगशाळा आणि औषध कंपन्या एवढेच दरवाजे उरले होते.